चैत्रातलं हळदीकुंकू

मला चार बायकांपुढे उभं राहून बोलता येत नाही. एकीशी बोलता येतं, तेही हातात काही काम असलं तर. भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना मी बोलू शकते. हात मोकळे असले की जीभ जड होते. शाळेत चौथीपर्यंतच गेले, आणि तिथेही मास्तरांनी उभं केलं की येत असलेलं उत्तर गिळून खाली बसायची. अशा बाईकडे दुसऱ्या बायकांना शिकवायचं काम आलं, त्याची ही गोष्ट आहे. कोणाला दाखवायला लिहीत नाही. नावंही कोणाची घालणार नाही.

लग्न होऊन एडवणची मी बोईसरला आले तेव्हा तारापूरच्या कारखान्यांची भरभराट होती. शिफ्टच्या बसेस भरून माणसं यायची, भरून जायची. आमच्या घरातलं एक माणूस कंपनीत, बाकीच्यांनी मिळेल ते करायचं. मी एका संस्थेत झाडलोट आणि स्वयंपाकाला लागले. पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या होत्या. गिरणी चालू असली की आमची जमीन थरथरायची आणि खिडकीच्या गजांवर पिठाचा थर बसायचा. तिथे दिवसभर अशी माणसं यायची, जी डोक्याच्या आजारातून उठली होती, पण घरात आणि गावात त्यांची जागा गेली होती. ती कागदी पिशव्या चिकटवायची, एकत्र जेवायची, संध्याकाळी घरी जायची. आमच्या भागात 'त्याला ठाण्याला नेलं होतं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ही सगळी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेली.

मुंबईहून एक मॅडम यायच्या. जे पेशंट मॅडमशी बोलायचे नाहीत ते माझ्याशी बोलायचे, कारण मी काही विचारायची नाही. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि हळूहळू घरोघर पाठवायला लागल्या. या कामाला त्या केस मॅनेजर म्हणायच्या. लोक गोळ्यावाली बाई म्हणायचे. माझ्याकडे आठ-दहा घरं असायची. गोळ्या घेतल्या का, झोप लागते का, घरची माणसं टाकून बोलतात का हे बघायचं. डॉक्टर पालघरला येत त्या दिवशी पेशंटला तिथपर्यंत न्यायचं. आणि त्या माणसाच्या हातून एखादं काम सुरू होतंय का, ते त्याच्याच हाताने होतंय का, हे सांभाळायचं. मॅडम म्हणायच्या, "तुम्ही बाजूला उभ्या राहा. धरायला नाही, दिसायला."

मी जायची ती नातलग म्हणून. संस्थेची पिशवी मी कधी खांद्याला लावली नाही. केळीचा फणा, शेवग्याच्या शेंगा, असं काहीतरी हातात घेऊन जायची. शेजारच्यांना वाटायचं कोणी मावशी आली, कोणी आत्या आली. कोणाच्या घरी मी कोण आहे ते मला लक्षात ठेवावं लागायचं.

एका घरी मी नणंद होते. त्या बाईला मी वहिनी म्हणायची, इथेही वहिनीच म्हणते. ती खाडीकाठच्या दातिवरे गावची सून. मुलगी दोन वर्षांची असताना तिला आवाज ऐकू यायला लागले. शेजारपाजारचे आपल्या पोरीला विष घालणार असं तिला वाटायला लागलं. एक दिवस ती पोरीला कडेवर घेऊन खाडीत उतरली आणि कमरेभर पाण्यात उभी राहिली. होडीवाल्यांनी दोघींना बाहेर काढलं. मग ती ठाण्याला वर्षभर होती. ती परत येईपर्यंत नवऱ्याने तारापूरला रंगाच्या कंपनीत नोकरी धरली आणि बोईसरला चाळीत खोली घेतली. गाव सोडलं ते याचसाठी, की इथे कोणाला काही ठाऊक नसेल. चाळीत सांगितलं, हिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, मुलगी आजीकडे शिकते.

मुलगी खरंच आजीकडे होती. म्हातारी तिला सोडायला तयार नव्हती, आणि म्हातारीला दोष देता येत नाही. पोरीला पाण्यातून वर घेतलं तेव्हा म्हातारी काठावर उभी होती.

वहिनीच्या मनात दुसरं काही नव्हतं. मुलगी घरी यायला हवी, एवढंच. दर खेपेला मी गेले की आधी तेच. "सासूबाय काय म्हनल्या? तुमी गेल्ता का दातिवऱ्याला?" मी जाऊन आलेली असायची. शेवटी म्हातारीने कबूल केलं. "जूनला शाळा उघडते तवा आनून सोडते," म्हणाली. "पन तिनं नीट राहून दाखवायचं. आन् चाळीत कोनाला कळता कामा नाय. माझ्या नातीला येडीची पोर म्हनून कोनी हाक मारलेली मला चालायची नाय."

नीट राहून दाखवायचं म्हणजे काय, ते वहिनीने स्वतःच ठरवलं. चाळीच्या मागे कंपनीतली यूपी-बिहारची पोरं एका खोलीत सात-आठ जण राहायची. त्यांना घरचं जेवण हवं होतं. वहिनीचा हात तांदळाच्या भाकरीवर बसलेला, आणि त्या पोरांना हव्या होत्या चपात्या. चपात्या तिला शेजारणीने शिकवल्या. शेजारीण जळगावकडची, आवाज मोठा, मन मोठं, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याची तिला फार काळजी. "तुझी पोळी आहे का नकाशा?" असं म्हणत तिने वहिनीला पंधरा दिवसांत तयार केलं. दिवाळीपर्यंत डबे इतके वाढले की दुसरा स्टोव्ह घ्यावा लागला. पोरं दारात येऊन "भाभी, आज सब्ज़ी क्या है?" म्हणायची, आणि वहिनी उत्तर द्यायची ते निम्मं हिंदी, निम्मं दातिवऱ्याचं. खोलीतला खालची एक फळी तिने रिकामी ठेवली होती. पोरीच्या पुस्तकांसाठी.

हे असं चाललेलं असताना मॅडमनी गावांतून चार नव्या बायका घेतल्या. किनाऱ्याकडच्या दोघी, बाकीच्या डोंगराकडच्या. पुनर्वसन म्हटल्यावर त्यातल्या एकीला वाटलं होतं की धरणात गेलेल्या जमिनीचं काही काम असणार, आणि ती सातबारा घेऊन आली होती. वर्गातलं मॅडम शिकवणार होत्या. घरभेट शिकवायची मी.

मॅडमनी मला नीट सांगितलं होतं. एका वेळी एकच बाई न्यायची. ज्यांच्या घरी जायचं त्यांना आधी विचारायचं, आणि असं विचारायचं की त्यांना नाही म्हणता येईल.

एका वेळी एक नेली तर प्रत्येकीला सगळं मीच सांगणार. कसं बसायचं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, आजारी माणूस म्हणजे काय. रात्री अंथरुणावर मी ती वाक्यं मनात जुळवून बघायची आणि सकाळी ती कुठेच नसायची. वहिनीला मात्र बोलता येत होतं. आजारातून उठलेल्या माणसांमध्ये असं कोणी कोणी असतं, की स्वतःकडे वळून बघून ते सांगू शकतं. मला वाटलं, ती एकदा सांगेल, या चौघी ऐकतील, माझं काम होईल.

तिला विचारलं, ते असं. "वहिनी, नव्या बायका शिकायला येतायत. तुमच्याकडे आणू का? तुमच्यासारखं कोणालाच सांगता येत नाही."

ती पीठ मळत होती. "तुमी म्हनाल तसं," म्हणाली. "तुमचं ऐकायचं नाय तर कोनाचं?"

नाही म्हणायला मी तिला जागाच ठेवली नव्हती. माझ्यामुळेच तिची मुलगी घरी येणार होती. तिने मला नाही कसं म्हणावं?

संक्रांतीचे दिवस होते. एका खोलीत चार अनोळखी बायका शिरताना चाळ बघणार, म्हणून हळदीकुंकवाचं निमित्त केलं. त्या दिवसांत चाळीत रोज कोणाकडे ना कोणाकडे बायका जातच असतात. वहिनीने चाळीतल्यांचं हळदीकुंकू वेगळं, आधीच्या दिवशी केलं होतं. आमचं 'माहेरच्या बायकांचं' म्हणून सांगितलं. कोणी मान वळवून बघितलं नाही. चौघी ओळीने बसल्या, तिळगूळ खाल्ला, आणि वहिनीने सगळं सांगितलं. आवाज कसे सुरू झाले, गोळ्यांनी तोंड कसं सुकतं, नवऱ्याने 'वेडी' हा शब्द घरात कसा बंद केला. मी कोपऱ्यात बसून तिच्या मेथीची जुडी निवडत होते. दोन जुड्या निवडून झाल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी वर्गात प्रश्न विचारले तर चौघींनी अशी उत्तरं दिली की मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती छान शिकवलंत तुम्ही!" मी खाली बघितलं. मॅडमना वाटलं मी लाजले.

वहिनीने पुढच्या खेपेला मला म्हटलं होतं, "सांगितलं ना, का मंग दोन दिस डोकं जड होतं. खाडी दिसते." मी म्हटलं, आराम करा, मिरची कमी खा. हे मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मॅडमनी दुसरी भेट बंद केली असती, आणि मग मला बोलावं लागलं असतं.

चैत्रात दुसऱ्या पाच बायका आल्या. मी पुन्हा वहिनीला म्हटलं. तिने लाटलेली चपाती तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बरं. जूनला आता दिस किती उरले?" मी म्हटलं, आलाच.

आता संक्रांत नव्हती. निमित्त काय करायचं? लग्नाआधी मी पालघरला एका घरी वरकामाला होते. तिथे चैत्रगौर बसायची आणि चैत्रातलं हळदीकुंकू व्हायचं. कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. ते मला आठवलं. मी वहिनीला तसं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आमच्यात कुठं असतंय चैत्राचं? आमच्या सात पिढ्यांनी कैरी मीठ लावून खाल्ली."

"चाळीत कोणाला काय ठाऊक?" मी म्हटलं.

ज्या चाळीत जळगाव, सातारा, रत्नागिरी, सगळीकडची माणसं होती, तिथे कोणाला तरी ठाऊक असणारच, एवढंही मला सुचलं नाही.

दुपारची वेळ ठरवली. वहिनीचा नवरा पहिल्या पाळीला. आम्ही सहा जणी चाळीच्या बोळातून एकामागून एक चाललो होतो. शेजारीण नळावर भांडी घासत होती. तिने हात थांबवले.

"अगं बाई, नणंदबाई! आज एवढी वरात कुठं?"

"हळदीकुंकू," मी म्हटलं.

"चैत्राचं? तुमच्यात असतं?" तिने पाची जणींवर नजर फिरवली. त्यातली एक डोंगराकडची, विधवा होती. कपाळ मोकळं. शेजारीण तिच्या कपाळाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "आणि आम्हाला बोलावणं नाही होय? पोळ्या शिकवायला आम्ही, आणि पन्हं प्यायला तुम्ही!"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, अहो घरातल्या घरात आहे, तुमचं उद्या करू. मी हसले. मला काही सुचलं नाही की मी हसते. शेजारीण ते बोलावणं समजली. हळदीकुंकवाला पत्रिका लागत नाही, तोंडावरचं हसू पुरतं.

आत वहिनीने चटई टाकली होती. पन्हं केलं होतं, डाळही केली होती, आणि डाळ चांगली झाली होती. ती स्टोव्हजवळ, दाराकडे पाठ करून बसली. मी तिच्यासमोर, दार मला दिसत होतं. उकडत होतं म्हणून दार ओढून घेतलेलं नव्हतं, नुसता पडदा होता.

नव्या बायकांनी प्रश्न पाठ केले होते. त्या विधवा बाईने पहिलाच विचारला, शाळेत कविता म्हणतात तसा. "ताई, आवाज अजून येतात का?"

"येतात," वहिनी म्हणाली. "कमी येतात. फोडनी टाकली का तिच्यातनं येतात. पन आता मला कळतं, हे माझंच डोकं बोलतंय. मी त्यांना म्हनते, थांबा रे, आधी चपात्या होऊ द्या."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग तिने ठाण्याचं सांगायला घेतलं.

पडदा हलला. शेजारीण दारात होती. नळावरची साडी बदलून आली होती, केसांत मोगरा, हातात करंडा. तिच्या मागे चाळीतल्या आणखी दोघी. ती काही बोलणार होती, पण कानावर ठाण्याचं नाव पडलं आणि थांबली.

मी तिला बघितलं. उठून "या, या" म्हणायचं होतं. नुसतं खोकले असते तरी चाललं असतं. भांडं पाडलं असतं तरी चाललं असतं. कोणतीही बाई जे करेल तेवढं. माझी मान खाली गेली आणि मी मांडीवरच्या हाताकडे बघत बसले. वहिनी सांगत होती, "पोरीला घेऊन पान्यात उभी होती. मला वाटत होतं, पानीच बोलावतंय. पोरगी रडत होती ते मला ऐकू येत नव्हतं. पानी ऐकू येत होतं."

बांगड्या वाजल्या. वहिनीने वळून बघितलं.

तिच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं नाही, कारण मी अजून खाली बघत होते. तिचा आवाज ऐकला. "या ना," ती म्हणाली. "कुंकू घ्या."

तिघी आत आल्या. वहिनीने तिघींना हळदकुंकू लावलं, ओटीत हरभरे घातले. शेजारणीने पन्ह्याचा पेला घेतला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. "मला सर्दी आहे गं," म्हणाली. दुसऱ्या दोघींनाही सर्दी होती. जाताना शेजारीण माझ्याजवळ थांबली. हळू आवाजात म्हणाली, "नणंद नव्हे ना तुम्ही?" तो टोमणा नव्हता. तिला दुखलं होतं. आठ महिने ती या खोलीत पोळ्या लाटत होती.

ती वाईट बाई नव्हती, हे मला लिहून ठेवायचं आहे. तिने गावभर डांगोरा पिटला नाही. पण त्या दारात तिघी होत्या आणि चाळीत भिंती नव्हत्या, पत्रे होते.

डबे कमी व्हायला लागले. पोरं तोंडावर गोड बोलायची. "भाभी, कंपनी में कैंटीन चालू हो गया." "भाभी, गाँव जा रहा हूँ." गावाला गेलेला तो पोरगा संध्याकाळी चाळीच्या टोकाला विडी ओढताना दिसायचा. एकाने मात्र खरं सांगितलं. सगळ्यात लहान होता. "भाभी, मुझे तो कुछ नहीं, लेकिन सब बोलते हैं खाने में कुछ मिला देगी." वहिनीने त्याला त्या दिवशीचा डबा दिला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. हे तिने मला स्टोव्ह पुसता पुसता सांगितलं. विष घालतील म्हणून ती स्वतः कधी घाबरली होती. आता लोक तिला घाबरत होते. मी म्हटलं, गोळ्या चुकवू नका.

तिच्या नवऱ्याला मी घाबरत होते. तो पाळीवरून आला, हात धुतले, तरी तळहात निळेच. मला वाटलं आता तोंड सोडेल. तो म्हणाला, "ताई, तुमी एकट्याच यायच्या ना?" एवढंच म्हणाला आणि चहाला बसला. मला पण चहा दिला.

वैशाखात म्हातारी मुलीला घेऊन आली. शाळा उघडायच्या आधी महिनाभर मुलीला सवय व्हावी म्हणून. वहिनी दोन दिवस आधीपासून खोली घासत होती. राहिलेले डबे तिने तेवढ्या दिवसांपुरते बंद ठेवले, मुलीशी बसता यावं म्हणून. मी मुद्दाम गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर म्हातारी गाठोडं बांधत होती. मुलगी पायरीवर बसून गजगे उडवत-झेलत खेळत होती.

"या! आल्या नणंदबाय!" म्हातारी म्हणाली. "माझ्या पोटी पोरगी जन्मली नाय आन् ही नणंद कुठनं उगवली?" मी दारातच उभी राहिले. "नळावर माझ्या नातीला एकीनं विचारलं, तुझी आई ठान्याला होती ना गं, तुला घेऊन बुडवत होती ना? नात मला इच्यारते, आजी, ठान्याला म्हंजी काय? सांगा आता तुमी. तुमीच सगळ्यांना शिकवता म्हने. हिला पन शिकवा."

वहिनी आत त्या रिकाम्या फळीपाशी उभी होती. मला वाटलं ती म्हातारीच्या पाया पडेल, रडेल. ती म्हणाली, "सासूबाय, एस्टी चुकंल. पोरीला भाकर बांधून देते."

ती भाकरी थापत होती आणि मी पायरीवर मुलीशेजारी बसले. मुलीने मला विचारलं, "तुमाला पाच गजगे येतात का?" मला येत होते. मी खेळले तिच्याशी. वहिनीने ते बघितलं. मग म्हातारी मुलीला घेऊन एस्टीने गेली.

त्यानंतर महिनाभर वहिनीने गोळ्या अर्ध्या घेतल्या, मग सोडल्या. डॉक्टरांनी पालघरला बोलावून पुन्हा बसवल्या. ठाण्याला जायची पाळी आली नाही, ते नवऱ्यामुळे. तो रात्रपाळी मागून घेऊन दिवसा घरात थांबायला लागला.

मी मॅडमना सगळं सांगितलं. संक्रांतीपासूनचं. कोण शिकवत होतं, मी काय निवडत होते, तिचं डोकं जड व्हायचं ते, दारातलं, सगळं. मॅडमनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. खाली गिरणी चालू होती. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुम्हाला बोलायला जड जातं हे मला माहीत होतं. मी विचारायला हवं होतं कसं करताय म्हणून." मला हे नको होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी अर्धी चूक उचलली तरी माझ्या अंगावरची काही कमी झाली नाही.

केस बदलायची ठरली. मॅडमनी वहिनीला विचारलं, तुम्हाला कोण हवं? मी तिथे नव्हते, पण ऐकलं. वहिनीने त्या विधवा बाईला मागितलं, जिने आवाजांचं विचारलं होतं. म्हणाली, "तिला ठाव हाय सगळं. तिला पुना सांगाया लागनार नाय." आणि मग म्हणाली, "ताईंना सांगा, रागानं नाय."

पावसाळ्यात पुढच्या बायका आल्या. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही त्यांना सांगा. नाव न घेता. यासारखा धडा दुसरा नाही." मी नाही म्हटलं. मॅडमना आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "लाजता अजून?" मी म्हटलं, "लाजण्याचं नाही, मॅडम. तिचं सांगून सांगूनच हे झालं. आता मी सांगितलं तर तिला परत त्या चटईवर बसवल्यासारखं होईल." मग मी एकेकीला घेऊन फिरायला लागले, त्यांनी आधीच सांगितलं होतं तसं. रस्त्याने चालता चालता बोलायची. चालताना मला थोडं जमतं. पाच जणींचे पाच महिने लागले. एकीने मध्येच सोडलं, म्हणाली, या बाई बोलतच नाहीत.

वहिनीचं मला काही कळेना. त्या विधवा बाईला मी एकदा गिरणीच्या जिन्यात गाठलं. "बरी आहे ना ती?" ती माझ्यापेक्षा लहान, पण आता कामात मुरली होती. म्हणाली, "ताई, ज्याची केस त्याच्याकडे. तुमीच शिकवलंय." बरोबर होतं तिचं. मी जिना उतरले.

दीडेक वर्ष गेलं. एका रविवारी मी बोईसरच्या बाजारात मासे घ्यायला गेले होते. वहिनी दिसली. तिच्याबरोबर मुलगी. उंच झाली होती, वेणीला लाल रिबीन, हातात कापडी पिशवी धरून उभी. मी मागे सरकले, पण गर्दीने वाट मिळेना. वहिनीने मला बघितलं. तिला बघून न बघितल्यासारखं करता आलं असतं. ती म्हणाली, "बऱ्या हाव ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरी हाय. खोली बदलली. दांडीपाड्याला." मग मांदेलीवाल्या बाईला म्हणाली, "गो, वाटा मोठा कर जरा, आज पोरीचा वाढदिस हाय."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "ही गजगे खेळते ना, ती?" तिने आईला विचारलं. मग मलाच म्हणाली, "तुमी आता का येत नाय आमच्याकडं?"

वहिनीने पैसे देता देता मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगते ते तिलाही ऐकायचं होतं, असं मला वाटलं. बाजारात माणसं ढकलत होती. माझे हात मोकळे होते.

"मी आले होते तेव्हा तुझ्या आईला त्रास झाला," मी म्हटलं. "माझ्यामुळे. म्हणून येत नाही."

मुलगी आईकडे बघायला लागली, हे खरं का म्हणून. वहिनीने मांदेली पिशवीत टाकली, पिशवी मुलीकडून आपल्या हातात घेतली. "चल, उशीर होतोय," तिला म्हणाली. आणि मला, जाताना, "येते."

दोघी गेल्या. मांदेलीवाली माझ्याकडे बघत होती, घेणार का म्हणून. मी म्हटलं, नको.